एक्केचाळीस कुप्या

समुद्राच्या तळाचा गाळ वेचण्यात मावशीची एकोणीस वर्षं गेली, पण समुद्र तिनं पाहिला तो दोनदाच, आणि दोन्ही वेळा तो तिला आवडला नाही. पहिल्या खेपेला एक चप्पल वाहून गेली, दुसऱ्या खेपेला उन्हानं डोकं धरलं. "मला आपला कुपीतलाच बरा," असं ती म्हणे, आणि नव्यानं आलेली संशोधक मुलं हसत. जुन्यांना तो विनोद पाठ झाला होता.

कागदोपत्री ती तंत्रसहायक. पण तिला तसं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. पहिल्या वर्षी एका विद्यार्थ्यानं मावशी म्हटलं, मग सगळ्यांनी, आणि शेवटी विभागप्रमुख मॅडमही तिला मावशीच म्हणू लागल्या. मॅडम तिच्याहून चार वर्षांनी मोठ्या होत्या. त्यात कुणाला काही खटकलं नाही.

काम काय, तर वेचायचं. जहाजावरून एक लांबलचक नळी समुद्राच्या तळात खुपसतात आणि चिखलासकट वर ओढून घेतात. नळीतला वरचा चिखल अलीकडचा, खालचा जुना. सध्या लॅबमध्ये ज्या नळीचं काम चाललं होतं, ती विषुववृत्ताजवळच्या गरम समुद्रातली, सहा मीटर लांब. तिच्या एका सेंटीमीटरला साधारण पन्नास वर्षं. एकेक सेंटीमीटरची चकती कापायची, धुवायची, चाळायची. खाली राहतं ते वाळूसारखं काहीतरी. मायक्रोस्कोपखाली धरलं की कळतं, ही वाळू नव्हे, हे शंख. खसखशीच्या दाण्याहून बारीक. एकेका पेशीचे जीव पाण्याच्या वरच्या थरात तरंगत जगले, मेले, आणि त्यांची घरं खाली येऊन पडली.

आता गंमत अशी, की पाणी जितकं गरम तितकं या शंखात मॅग्नेशियम जास्त. म्हणून एका चकतीतले साठ शंख वेचायचे, ॲसिडमध्ये विरघळवायचे, मशीनमधून काढायचे, की त्या पन्नास वर्षांत समुद्र किती गरम होता ते कळतं. बारा हजार वर्षांपूर्वीच्या पाण्यात थर्मामीटर बुडवायला कुणी गेलं नव्हतं. मावशीचे साठ शंख, तोच थर्मामीटर.

पण साठच्या साठ एकाच जातीचे हवेत. आणि इथंच घोडं अडतं, कारण एकाच जातीची दोन रूपं आहेत. त्यांची लॅटिन नावं भली मोठी. मावशीनं आपली नावं ठेवली होती थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ, आणि पुढं लॅबभर तीच चालली. दोघी दिसायला सख्ख्या. पण थोरली टपोरी, गोल, तोंड मोठं. धाकटी जराशी चेपलेली, तोंड बारीक. थोरली राहते वरच्या मजल्यावर, म्हणजे अगदी पृष्ठभागाशी. धाकटी खालच्या मजल्यावर, जिथं पाणी दीड-दोन अंशांनी गार. वेचायची ती फक्त थोरली. धाकटी आली की तापमान उगाच कमी येणार. नव्या मुलांना हा फरक समजायला सहा महिने लागत आणि तरी खात्री नसे. मावशी ब्रशच्या ओल्या टोकानं थोरलीला उचलायची ते रेडिओ ऐकत. एका नमुन्याला एक दिवस. वेचून झालं की उरलेला माल एका काचेच्या कुपीत भरायचा, कुपीवर नंबर टाकायचा, नोंदवहीत तारीख घालायची. दुसऱ्या दिवशी पुढचा नंबर. वरून खाली, ओळीनं. तशीच पद्धत होती.

मावशीला ही नोकरी लावून दिली तिच्या नणंदेनं. नणंद, म्हणजे मावशीच्या वन्सं, त्याच संस्थेच्या ऑफिसात. कॉरिडॉरच्या टोकाला त्यांचं टेबल. बाहेर जाणारा प्रत्येक कागद वन्संच्या कीबोर्डवरून जायचा, आणि जाता जाता त्यातले स्वल्पविराम दुरुस्त व्हायचे. टाईप करताना शब्द तोंडानं म्हणायची त्यांना सवय, त्यामुळे संस्थेत काय चाललंय ते कॉरिडॉरमधल्या सगळ्यांना आधी कळे. बाई मनाची चांगली, पण तोंडात तीळ भिजायचा नाही आणि राग आला की सहा-सहा महिने जायचा नाही.

मावशीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. अखंड बडबड्या माणूस. दहा मिनिटं गप्प बसला तर घरातल्यांनी कपाळाला हात लावून ताप बघावा, असा. एकदा वन्सं संस्थेच्या लिफ्टमध्ये अडकल्या आणि त्यानंच येऊन त्यांना सोडवलं. इथवर ठीक होतं. पण पुढं एका लग्नात, वन्संच्या व्याह्यांसमोर, त्यानं तो सगळा प्रसंग साग्रसंगीत करून दाखवला. वन्संची किंकाळी, देवाचा धावा, दार उघडल्यावर "मी काही घाबरले नव्हते" हे सगळं. पंगतीतली माणसं पोट धरून हसली. वन्संनी त्या दिवसापासून भावाशी अबोला धरला.

हे झालं आणि तीन महिन्यांत त्याचं पोट दुखायला लागलं. पोटात जखम आहे, औषध चालू आहे, असं मावशीनं सगळ्यांना सांगितलं. मग एका बुधवारी त्याला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. गुरुवारी वन्सं धावत आल्या, तेव्हा त्याला माणूस ओळखू येत नव्हतं. शनिवारी तो गेला. पुढच्या गुरुवारी मावशी कामावर हजर झाली.

सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. कशी सावरली बघा, म्हणाले. खंबीर बाई आहे, म्हणाले. मॅडमनी तर दोन शब्द लिहून नोटीस बोर्डावर लावायचं मनात आणलं होतं, ते मावशीनं नको म्हणून सांगितलं. खरी गोष्ट अशी, की तिनं सावरण्यासारखं काही केलंच नव्हतं. तिला काही वाटतच नव्हतं. सकाळ व्हायची, ती उठायची. डबा एकाचा भरायचा हे तिसऱ्या दिवशी अंगवळणी पडलं. टीव्ही चालू असायचा, त्यात कोण काय म्हणतंय ते कळायचं, पण पोचायचं नाही. लोक विचारायचे, ती "ठीक आहे" म्हणायची, आणि ते खोटंही नव्हतं. दाताला इंजेक्शन दिल्यावर ओठ असतो जागच्या जागी, पण आपला वाटत नाही, तसं. फरक इतकाच, की ते इंजेक्शन दोन तासांत उतरतं. चौदा महिने असेच गेले.

या चौदा महिन्यांत लॅबमध्ये मात्र मोठी गडबड उडाली होती. ज्या नळीवर मावशी काम करत होती, ती एका संशोधक मुलीच्या प्रबंधाची. मुलगी हुशार, किडकिडीत, सतत उभ्यानं खाणारी. मावशी तिला आधीपासूनच "आमची डॉक्टरीण" म्हणे. तिच्या आलेखात अकरा-बारा हजार वर्षांपूर्वीच्या जागी एक खड्डा निघाला. दोन हजार वर्षं तो गरम समुद्र जवळपास दोन अंशांनी गार झाला होता. म्हणजे त्या काळात त्या भागातला पाऊस, वारे, सगळंच वेगळं असणार. डॉक्टरीण हरखून गेली. तिनं चार ठिकाणी तो खड्डा दाखवला, एक लेख छापून आला, आणि लेखाच्या शेवटी आभारांत मावशीचा उल्लेख आला. प्रबंध झाला तो सगळा खड्ड्याभोवती. तो परीक्षकांकडे तपासायला गेला होता, आणि तोंडी परीक्षेला दीड महिना उरला होता.

तेव्हा परीक्षकांचं पत्र आलं. दुसऱ्या एका देशातल्या लॅबनं त्याच समुद्राच्या गाळातून, शेवाळाच्या चरबीवरून तापमान काढलं होतं. ही अगदी निराळी पद्धत, तिच्यात शंख नाहीत आणि वेचणंही नाही. त्यांच्या आलेखात खड्डा नव्हता. परीक्षकांनी सभ्य शब्दांत विचारलं होतं, हे कसं काय?

"त्यांचंच चुकलंय," डॉक्टरीण म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "मावशी, खड्ड्यातले चार-पाच नमुने परत वेचाल? उरलेल्या मालात अजून थोरल्या सापडतील ना? परत मोजू, म्हणजे त्यांची तोंडं बंद."

"दहा-वीस सापडतील. बाकीच्या तर मी घेतल्या ना तेव्हाच," मावशी म्हणाली आणि दोनशे तीस नंबरची कुपी काढून तिनं काळ्या ताटलीत ओतली.

मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि ती बघतच राहिली. ताटली थोरल्यांनी भरलेली होती. दहा-वीस नव्हे, सगळ्या. टपोऱ्या, गोल, मोठ्या तोंडाच्या, जिथल्या तिथं. आणि धाकटी औषधालाही नव्हती.

कुपीत काय उरलंय त्यावरून वेचणाऱ्यानं काय नेलं ते कळतं. हे शिकवावं लागत नाही. मावशीनं दोनशे तीसची कुपी बंद केली, दोनशे एकतीसची उघडली. तेच. दोनशे चाळीसची उघडली. तेच. तिला घाम आला नाही, छातीत धडधडलं नाही. तिनं रेडिओ बंद केला आणि एका बाजूनं कुप्या उघडत गेली.

त्याला तीन दिवस लागले. दोनशे अकरापर्यंत सगळं ठीक. दोनशे बारा ते दोनशे बावन्न, एक्केचाळीस कुप्या, थोरली सोडून धाकटी उचललेली. दोनशे त्रेपन्नपासून पुन्हा सगळं ठीक. डॉक्टरिणीचा खड्डा दोनशे बाराला सुरू होत होता आणि दोनशे बावन्नला संपत होता. तिनं पाच नमुने नव्यानं वेचून मशीनला दिले. उत्तर यायच्या आधीच तिला ते माहीत होतं. समुद्र त्या दोन हजार वर्षांतही तसाच गरम होता, जसा त्याच्या आधी आणि नंतर.

मॅडमच्या खोलीत तिघी बसल्या. मावशीनं जे होतं ते सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली, "म्हणजे आता माझ्याकडे एक सपाट रेघ आहे."

"सपाट रेघ हाही निष्कर्ष असतो," मॅडम म्हणाल्या. मॅडम तुसड्या नव्हत्या, पण गोडही नव्हत्या. "खरी असली म्हणजे झालं. मावशी, चुका होतात, त्याचं मला काही नाही. दोष माझाही आहे. नमुने ओळीनं वेचायला नको होते, नंबर उलटसुलट करून वेचायला हवे होते. मग ही चूक सगळीकडे विखुरली असती, असा खड्डा होऊन बसली नसती. पण परीक्षक आता दुसरा प्रश्न विचारणार. एकोणीस वर्षं जिनं कधी थोरली-धाकटी केली नाही, तिनं एकदम एक्केचाळीस दिवस केली. मग बाकीचे सगळे तरी बरोबर कशावरून?"

"मी तीस पुढचे, तीस मागचे पाहिलेत."

"ते ठीक. पण कारण हवं. कारण कळलं तर चूक तिथंच थांबते. नाही कळलं, तर सगळी नळी परत वेचा म्हणतील. त्याला तीन वर्षं लागतील." मॅडमनी डॉक्टरिणीकडे पाहिलं नाही. "हिच्याकडे तीन महिनेही नाहीत. मुदत संपते."

डॉक्टरीण पुढे झुकली. "मॅडम, हे काकांच्या वेळचं असणार. साहजिक आहे हो, मावशी. त्यात लाजण्यासारखं काय आहे? तेच लिहू." आणि तिनं नोंदवही ओढून घेतली. तिचं बोट तारखांवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"पण हे तर काका जायच्या आधीचं आहे," ती म्हणाली. "दोनशे बावन्न मंगळवारचा. बुधवारी तुम्ही रजा टाकलीत. काका गेल्यावर आलात, त्या गुरुवारचा हा दोनशे त्रेपन्न. तो बरोबर आहे. त्याच्या पुढचे सगळे बरोबर आहेत."

मावशीसुद्धा आतापर्यंत हेच धरून चालली होती, की घोटाळा नवरा गेल्यानंतरचा. तारखा तिनं पाहिल्याच नव्हत्या, नंबर पाहिले होते. तिनं नोंदवही स्वतःकडे वळवून घेतली. दोनशे बारा. मंगळवार. त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारच्या रकान्यात, तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: रजा.

त्या सोमवारी तपासणीचे रिपोर्ट आले होते. नवरा आत पलंगावर नर्सला लिफ्टचे किस्से सांगत होता, आणि डॉक्टरांनी तिला बाहेर बोलावून दोन वाक्यांत सांगितलं होतं. दोन महिने, फार तर तीन. करण्यासारखं काही नाही. ती आत गेली आणि नवऱ्याला म्हणाली, जखम आहे, पथ्य पाळायचं. वन्संना तेच सांगितलं, शेजाऱ्यांना तेच सांगितलं. त्याला हसत-खेळत राहू दे एवढंच तिच्या मनात होतं. आणि वन्संना सांगावं तर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर गेली असती. म्हणून ती कुणालाच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर येऊन तिनं दोनशे बारा नंबर काढला.

"दिवा खराब होता असं लिहिता येईल," डॉक्टरीण हळूच म्हणाली. मुलगी वाईट नव्हती, तिला मावशीला वाचवायचं होतं. "मायक्रोस्कोपचा दिवा पिवळा पडला की चेपलेलं नीट दिसत नाही. मध्ये बदललाच होता ना आपण?"

मावशीला क्षणभर वाटलं, बरं आहे की. दिव्याला कुठं काय लागतंय.

"मग त्या टेबलावर त्या वर्षी जे जे बसले, त्या सगळ्यांचं काम परत तपासावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "आणि ते खोटं आहे."

"मी उद्या लिहून देते," मावशी म्हणाली.

त्या रात्री ती नेहमीसारखी झोपली. सकाळी लॅबमध्ये आल्यावर दुरुस्तीपत्रक पुढं घेऊन बसली. नमुने कुठून कुठवर, तारखा कुठून कुठवर, हे तिनं पाच मिनिटांत भरलं. 'कारण' असा शेवटचा चौकोन होता, त्यापाशी दुपार झाली. तिनं आधी 'नजरचूक' लिहिलं आणि खोडलं. नजरचूक एका दिवसाची असते. मग तिनं सरळ लिहून टाकलं. लिहून झाल्यावर मॅडमना दाखवलं.

मॅडमनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. "हे मी टाईप करते," त्या म्हणाल्या. "ऑफिसात नको द्यायला."

मॅडमना नातं माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. एकोणीस वर्षांत एकही कागद ऑफिसाला वळसा घालून गेला नव्हता. हा गेला असता तर वन्संना आज ना उद्या कळलंच असतं, पण कुणाच्या तरी तोंडून.

"नको," मावशी म्हणाली. "त्यांच्याकडेच देते."

दुपारची वेळ, ऑफिस रिकामं होतं. वन्सं एकट्याच होत्या, दोन बोटांनी कुठलंसं परिपत्रक बडवत. भाऊ गेल्यापासून त्या मावशीशी जरा जास्तच मायेनं वागायच्या, डब्यातली भाजी काढून द्यायच्या, आणि ती माया मावशी निमूट घ्यायची.

"आण इकडं. काय घोळ घातलास म्हणे?" वन्संनी कागद घेऊन स्टँडला लावला. "सगळ्या मजल्यावर चर्चा आहे. अगं, माणूस आहेस, चुकणारच. त्या शंखांना काय मेल्यांना, वर राहिले काय नि खाली राहिले काय." आणि त्यांची बोटं सुरू झाली, बोटांबरोबर तोंडही.

"नमुना क्रमांक दोनशे बारा ते दोनशे बावन्न. स्वल्पविराम. या नमुन्यांत योग्य प्रकाराऐवजी त्याच जातीचा दुसरा प्रकार वेचला गेला. पूर्णविराम. कारण." वन्संनी एंटर मारलं. "माझ्या यजमानांचा आजार बरा होणारा नाही, स्वल्पविराम, हे क्रमांक दोनशे बारा वेचण्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी, मला एकटीला डॉक्टरांनी सांगितलं. ते मी कुणालाही..."

आवाज थांबला. बोटं आणखी दोन शब्द चालली आणि मग तीही थांबली. वन्संनी पुढचं मनात वाचलं. 'ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांना हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत माझं लक्ष ठिकाणावर नव्हतं. त्यानंतर मात्र चूक झालेली नाही.' मग त्यांनी कागदावरची तारीख परत पाहिली.

"मी त्या सोमवारी तुला फोन केला होता," वन्सं म्हणाल्या. "संध्याकाळी. त्याच्याशी बोलत नव्हते म्हणून तुला केला."

"हो."

"काही गंभीर नाही ना, म्हणून विचारलं मी."

"हो. मी नाही म्हणाले."

"आणि मी म्हटलं, मग येऊ दे त्याचाच फोन. मी कशाला करू आधी." वन्सं कीबोर्डकडे बघत होत्या. "नऊ आठवडे. एका लिफ्टवरून मी त्यानंतर आणखी नऊ आठवडे फुगून बसले होते. मला वाटलं, जातोय कुठं."

"मी तुम्हाला सांगायला हवं होतं, वन्सं."

"हवं होतं." त्यात काहीही मऊ नव्हतं. "मी काही लहान नव्हते. त्याची बहीण होते. धरलं असतं तोंड बंद. नसतं धरलं तर त्याला कळलं असतं, आणि मग तो आपणहून आला असता भांडायला. काहीतरी बोललो असतो."

मावशीनं विचार केला होता तो नवऱ्याचा, वन्संचा केलाच नव्हता, आणि हे आता तिला स्वच्छ कळत होतं.

वन्संनी उरलेला मजकूर टाईप केला, या खेपेला तोंडानं न बोलता. स्वल्पविराम त्यांनी दुरुस्त केले की नाही कोण जाणे. प्रिंटरनं कागद बाहेर टाकला. तो मावशीपुढे सरकवून त्यांनी जागा दाखवली. "सही कर." मावशीनं सही केली.

"एक सांग," वन्सं म्हणाल्या. "तो माझ्याबद्दल विचारायचा का गं? तेवढ्या दिवसांत?"

मावशीनं तोंड उघडलं. हो, रोज विचारायचे, हे उत्तर जिभेवर तयार होतं. असली उत्तरं तिनं नऊ आठवडे सगळ्यांना दिली होती, आणखी एकानं काय बिघडणार होतं? पण त्याआधी ती आठवायला गेली. खुर्ची आठवली. गोळ्यांचं पाकीट आठवलं, त्यातल्या किती उरल्या तेही आठवलं. खुर्चीत तो बसलेला, हातवारे करणारा, तोंड हलतंय. तो बोलत होता, रोज बोलत होता, बडबड्या माणूस, गप्प कसा बसेल? ती समोर बसून भाजी निवडत होती, मान हलवत होती. आणि त्यानं काय म्हटलं होतं? तिनं सकाळ धुंडाळली, संध्याकाळ धुंडाळली, रविवार धुंडाळले. एक वाक्य हाती लागेना.

"विचारलं असेल, वन्सं," ती म्हणाली. "मला आठवत नाही."

"एकदाही?"

"काहीच आठवत नाही. तुमच्याबद्दलचं नाही, माझ्याबद्दलचं नाही. ते रोज बोलत होते आणि मी ऐकलंच नाही. शेवटचे नऊ आठवडे होते त्यांचे, मला माहीत होतं तसं, आणि मी..."

पुढचा शब्द आला नाही. त्याच्या जागी घशातून एक विचित्र आवाज आला, आणि आपणच रडतोय हे कळायला तिला वेळ लागला. तिनं टेबलाची कड धरली. वन्सं उठून तिच्याजवळ आल्या नाहीत. पण त्या ऑफिस सोडून गेल्याही नाहीत. टेबलावरचा फोन वाजायला लागला, तेव्हा त्यांनी रिसीव्हर काढून बाजूला ठेवला आणि समोर बसून राहिल्या.